न्यूनतमवादी वापरपुस्तिका : संगणक-मार्गदर्शनपर लेखनातील एक विचारप्रवाह

गोषवारा

संगणक व संगणकप्रणाली यांच्यासोबत दिल्या जाणाऱ्या वापरपुस्तिका सामान्यतः सविस्तर असतात आणि त्या सामान्यतः वाचल्या जात नाहीत. या विसंगतीचा शोध घेताना १९८०च्या दशकात जॉन कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यूनतमवाद' अर्थात 'मिनिमलिझम' हा दृष्टिकोन मांडला. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनाची पार्श्वभूमी, त्याची चार तत्त्वे, मराठी टंकलेखनाच्या संदर्भातील एक उदाहरण आणि त्याच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. न्यूनतमवाद म्हणजे केवळ संक्षेप नव्हे, हे या विवेचनाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : न्यूनतमवाद, वापरपुस्तिका, सक्रिय वापरकर्ता, चूक-निवारण, टंकलेखन.

१. प्रस्तावना

एखाद्या कार्यालयात वा महाविद्यालयात नवी संगणकप्रणाली बसविली जाते, तेव्हा तिच्यासोबत एक जाडजूड पुस्तिका येते. पहिल्या प्रकरणात प्रणालीचा परिचय, दुसऱ्यात तिची वैशिष्ट्ये, तिसऱ्यात पडद्यावरील विविध भागांची नावे आणि त्यानंतर प्रत्येक मेन्यूतील प्रत्येक पर्यायाचे वर्णन असा तिचा क्रम असतो. प्रत्यक्ष काम करणारा लिपिक ही पुस्तिका उघडतो, दोन-चार पाने चाळतो आणि कपाटात ठेवून देतो. पुढे अडचण आली की तो शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो. सहकारीही उपलब्ध नसेल तर काम अडून राहते.

अशा वेळी दोष सहसा वापरकर्त्याच्या माथी मारला जातो. 'पुस्तिकेत सर्व काही दिले आहे, ती वाचली असती तर ही वेळ आली नसती' असे म्हटले जाते. वापरकर्त्यालाही ते पटते आणि संगणक आपल्याला जमणारच नाही, अशी त्याची समजूत होते. जी पुस्तिका माणसाला काम शिकविण्यासाठी लिहिली गेली, तीच त्याच्या मनात न्यूनगंड निर्माण करीत असेल तर दोष वाचणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. न्यूनतमवादी विचाराचा उगम याच प्रश्नात आहे.

२. नुरेंबर्गचे नरसाळे

या विचाराचा आधारग्रंथ म्हणजे जॉन कॅरोल यांचा 'द नुरेंबर्ग फनेल' हा १९९० साली एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केलेला ग्रंथ होय. त्याच्या शीर्षकामागे एक जुनी जर्मन कल्पना आहे. नुरेंबर्ग येथील कवी गेओर्ग फिलिप हार्सडॉर्फर यांनी सतराव्या शतकात, १६४७ पासून, काव्यरचनेची कला शिकविणारा एक ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच नरसाळ्याचा उल्लेख होता आणि ही कला सहा तासांत 'ओतून देण्याचे' आश्वासनही होते. पुढे विद्यार्थ्याच्या डोक्याला नरसाळे लावून त्यातून ज्ञान ओतणारा शिक्षक, असे चित्र जर्मन भाषिकांत रूढ झाले.

कॅरोल यांनी ही प्रतिमा उपरोधाने वापरली. असे नरसाळे अस्तित्वात नाही, हे शिक्षणाच्या क्षेत्रात सर्वांना मान्य असते. मात्र संगणकाच्या पुस्तिका जणू ते अस्तित्वात असल्याप्रमाणेच लिहिल्या जातात. माहितीचे लहान लहान तुकडे करावेत, ते सोप्याकडून कठिणाकडे मांडावेत, प्रत्येक तुकड्यानंतर सराव द्यावा आणि शेवटी उजळणी घ्यावी, म्हणजे शिकणे आपोआप घडेल, हे या लेखनामागील गृहीतक होते. शिकणाऱ्याने शांतपणे बसून दिलेल्या क्रमाने सर्व वाचावे, एवढीच त्यात अपेक्षा होती. हीच अपेक्षा प्रत्यक्षात पूर्ण होत नाही, असे कॅरोल यांच्या निदर्शनास आले.

३. यॉर्कटाउन हाइट्स येथील निरीक्षणे

मानसशास्त्राचे अभ्यासक असलेले कॅरोल त्या काळात न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात कार्यरत होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी कार्यालयांमध्ये टाइपरायटरची जागा शब्दसंस्करण यंत्रे, म्हणजे वर्ड प्रोसेसर, घेऊ लागली होती. आयबीएमचे 'डिस्प्लेरायटर' हे यंत्र १९८० साली बाजारात आले. कार्यालयीन कामाचा अनुभव असलेल्या, परंतु संगणकाशी फारसा परिचय नसलेल्या व्यक्ती पुस्तिकेच्या आधारे असे यंत्र शिकताना नेमके काय करतात, याचे निरीक्षण संशोधकांनी केले. शिकणाऱ्याने आपल्या मनात येणारे विचार काम करता करताच मोठ्याने बोलून दाखवावेत, ही पद्धत त्यासाठी अवलंबिण्यात आली. रॉबर्ट मॅक, क्लेटन लुईस आणि कॅरोल यांनी १९८३ साली या अभ्यासाची मांडणी केली.

या निरीक्षणांतून पुढे आलेले चित्र पुस्तिकाकारांच्या अपेक्षेहून सर्वस्वी भिन्न होते. शिकणाऱ्या व्यक्ती प्रस्तावना व परिचयाची पाने ओलांडून थेट यंत्राकडे वळत. सूचना पूर्ण वाचण्यापूर्वीच त्या कळा दाबत. पडद्यावर काही अनपेक्षित दिसले की त्याचा अर्थ आपल्या परीने लावत आणि तो अर्थ पुष्कळदा चुकीचा असे. एखादी लहानशी चूक झाली की पुस्तिकेतील पुढची पायरी आणि पडद्यावरील स्थिती यांचा मेळ तुटत असे. पुस्तिका मात्र आधीचे सर्व बरोबर झाले आहे, असे मानून पुढे बोलत राही. याउलट ज्या व्यक्ती सूचनांचे तंतोतंत पालन करीत, त्यांच्याही बाबतीत एक अडचण दिसून येई. आपण नेमके काय साधले, हे त्यांना अखेरीस सांगता येत नसे.

४. सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास

या वर्तनाचे विश्लेषण कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली 'सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास' या संकल्पनेतून केले. त्यांनी दोन प्रवृत्तींकडे लक्ष वेधले.

पहिली प्रवृत्ती कार्यपूर्तीची आहे. वापरकर्त्याला प्रणाली शिकायची नसते, त्याला पत्र तयार करायचे असते. शिकण्यासाठी दिलेला वेळ त्याला कामातून वजा झालेला वाटतो. परिणामी जे शिकल्याने पुढील काम सुकर झाले असते, तेच तो शिकत नाही.

दुसरी प्रवृत्ती पूर्वज्ञानाशी सांगड घालण्याची आहे. नव्या गोष्टीचा अर्थ माणूस जुन्या अनुभवावरून लावतो. टाइपरायटरवर बॅकस्पेस दाबल्यास कागदावरील अक्षर पुसले जात नाही, केवळ मागे जाता येते. संगणकावर तेच कृत्य अक्षर नाहीसे करते. टाइपरायटरवर ओळ संपली की नवी ओळ हाताने घ्यावी लागे. संगणकावर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबणाऱ्याचा मजकूर पुढे दुरुस्ती करताना विस्कळीत होतो. जुने ज्ञान अशा ठिकाणी साहाय्यकही असते आणि घातकही.

मराठी टंकलेखनात या दुसऱ्या प्रवृत्तीचा अत्यंत बोलका दाखला आढळतो. देवनागरी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावी लागे आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती अक्षराच्या डावीकडे दिसते. रफार मात्र अक्षरानंतर टंकित केला जाई. १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात अंतर्भूत झालेला इनस्क्रिप्ट कळफलक उच्चाराच्या क्रमाने चालतो. त्यात आधी 'द' आणि मग वेलांटी येते, तसेच 'सूर्य' या शब्दात 'य'च्या आधी 'र' व हलन्त द्यावा लागतो. टाइपरायटरवर वर्षानुवर्षे वेगाने काम केलेल्या व्यक्तीची बोटे येथे नेमकी उलट दिशेने जातात. तिचे कौशल्य हेच तिच्या चुकीचे कारण ठरते. अशा व्यक्तीला 'अडाणी' समजून लिहिलेली पुस्तिका तिला उपयोगी पडणार नाही, हे उघड आहे.

५. किमान पुस्तिकेची घडण

वापरकर्त्याची प्रवृत्ती बदलता येत नसेल तर पुस्तिका बदलली पाहिजे, हा कॅरोल यांचा निष्कर्ष होता. त्या दिशेने त्यांच्या गटाने तीन प्रयोग केले.

पहिल्या प्रयोगात यंत्रच सुलभ करण्यात आले. लहान मुलाच्या सायकलला जशी आधाराची चाके लावतात, तशी ही व्यवस्था होती. नवशिक्याला अडचणीत टाकणारे पर्याय मेन्यूत दिसत, पण निवडल्यास 'प्रशिक्षणाच्या यंत्रावर हा पर्याय उपलब्ध नाही' अशा अर्थाचा संदेश येई. कॅरोल व कॅरोलाइन कॅरिथर्स यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, आधाराच्या चाकांवर शिकणाऱ्यांचा चुका निस्तरण्यात जाणारा वेळ कमी झाल्याचे आढळले.

दुसऱ्या प्रयोगात पुस्तिकेऐवजी सुटी कार्डे देण्यात आली. प्रत्येक कार्डावर एक उद्दिष्ट, काही सूचक इशारे, आपण योग्य मार्गावर आहोत हे ताडून पाहण्याची खूण आणि चूक झाल्यास उपाय, एवढाच मजकूर होता. कार्डांना ठरावीक क्रम नव्हता आणि इशारे हेतुपुरस्सर अपुरे ठेवले होते.

तिसरा प्रयोग 'मिनिमल मॅन्युअल' अर्थात किमान पुस्तिकेचा होता. डिस्प्लेरायटरसाठी तयार केलेल्या या पुस्तिकेतून पुनरुक्ती, पूर्वावलोकन, उजळणी आणि कृत्रिम सराव वगळण्यात आले. प्रकरणे अवघ्या काही पानांची होती आणि त्यांची शीर्षके 'काहीतरी टाइप करणे', 'ते कागदावर छापणे' अशा कामाच्या भाषेत होती. चुका ओळखण्याची व निस्तरण्याची माहिती मात्र जागोजागी दिली होती. 'आता स्वतः करून पाहा' अशा प्रकारचे मुक्त उपक्रमही तीत होते. प्रचलित व्यावसायिक पुस्तिकेच्या तुलनेत तिची पृष्ठसंख्या निम्म्याहून कमी होती. प्रत्यक्ष चाचणीत ही पुस्तिका वापरणाऱ्यांना मूलभूत गोष्टी शिकण्यास सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला आणि नंतर दिलेली कामेही त्यांनी अधिक यशस्वीपणे पार पाडली.

६. न्यूनतमवादाची चार तत्त्वे

नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे हान्स व्हान डर मे यांनी या प्रयोगांची पुढे स्वतंत्रपणे तपासणी केली. त्यांनी आणि कॅरोल यांनी मिळून १९९५ साली न्यूनतमवादाची चार तत्त्वे सूत्रबद्ध केली. ती अशी :

(अ) कृतीला प्राधान्य द्यावे. वाचकाला पहिल्याच पानावर काहीतरी करण्याची संधी मिळावी. स्वतः शोध घेण्यास त्याला उत्तेजन मिळावे आणि त्याच्या चालू कामात पुस्तिकेने व्यत्यय आणू नये.

(आ) साधनाची मांडणी वापरकर्त्याच्या कार्यक्षेत्रात करावी. पुस्तिकेची रचना मेन्यूच्या क्रमाने न करता कामाच्या क्रमाने करावी. उदाहरणेही वापरकर्त्याच्या खऱ्या कामातील असावीत.

(इ) चूक ओळखण्यास व निस्तरण्यास साहाय्य करावे. जेथे चूक संभवते तेथेच, त्याच ओळीच्या लगत, ती कशी ओळखावी, का घडली आणि कशी दुरुस्त करावी हे सांगावे. चुकांची माहिती शेवटच्या परिशिष्टात ढकलू नये.

(ई) करण्यासाठी, अभ्यासण्यासाठी व शोधण्यासाठी होणाऱ्या वाचनाला आधार द्यावा. मजकूर थोडका असावा, प्रत्येक गोष्ट उलगडून सांगू नये आणि प्रत्येक प्रकरण स्वयंपूर्ण असावे, म्हणजे वाचक कोठूनही आरंभ करू शकेल.

या चार तत्त्वांपैकी तिसरे तत्त्व विशेष लक्षणीय आहे. अन्य मजकूर कमी करणारा हा दृष्टिकोन चुकांविषयीचा मजकूर मात्र वाढवतो. रूढ पुस्तिका चुकीला अपवाद मानते. न्यूनतमवादी पुस्तिका तिला शिकण्याच्या प्रक्रियेतील नित्याची घटना मानते.

७. एक उदाहरण

वरील तत्त्वांचा उपयोग स्पष्ट होण्यासाठी टाइपरायटरवरून संगणकाकडे वळलेल्या मराठी टंकलेखकासाठी लिहावयाच्या पुस्तिकेतील एक भाग विचारात घेता येईल. रूढ पद्धतीने तो पुढीलप्रमाणे लिहिला जाईल :

'इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठी विकसित करण्यात आलेला प्रमाण कळफलक असून त्यात स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे योजिली आहेत. सदर कळफलकाची रचना ध्वन्यात्मक तत्त्वावर आधारित असल्याने वापरकर्त्याने प्रथम व्यंजन व तदनंतर स्वरचिन्ह टंकित करणे अपेक्षित आहे. कळफलकाचा संपूर्ण तक्ता परिशिष्टात दिला आहे.'

यातील प्रत्येक विधान योग्य आहे, तथापि वाचकाने आता काय करावे हे त्यातून समजत नाही. न्यूनतमवादी पद्धतीने तोच भाग असा लिहिता येईल :

'"दिन" हा शब्द लिहिणे. विंडोज कळ दाबून धरा आणि स्पेसबार दाबा. पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह मराठीचे झाले की थांबा. आता आधी "द", मग वेलांटी, मग "न" या क्रमाने कळा दाबा. पडद्यावर वेलांटी आपोआप "द"च्या डावीकडे जाईल.

वेलांटीजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसले का? टाइपरायटरच्या सवयीने वेलांटी आधी दाबली गेली आहे. बॅकस्पेसने चुकलेला भाग पुसा आणि "द"पासून पुन्हा लिहा.

आता "किल्ला" आणि "सूर्य" हे शब्द लिहून पाहा. "सूर्य" लिहिताना रफार टाइपरायटरप्रमाणे शेवटी येत नाही. तो कोठे येत असेल?'

दुसरा मजकूर पहिल्यापेक्षा लांब आहे, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यातून कळफलकाचा इतिहास व रचनातत्त्व वगळले गेले. परंतु एक खरी कृती, ती साधल्याची खूण, हमखास होणारी चूक, तिचे कारण, तिचा उपाय आणि स्वतः शोधण्याजोगा एक प्रश्न यांची भर पडली. शिवाय वाचकाच्या पूर्वीच्या कौशल्याची दखलही घेतली गेली. चूक 'सवयीने' झाली असे सांगणारे वाक्य आणि चूक 'अज्ञानाने' झाली असे सुचविणारे मौन, यांचा शिकणाऱ्याच्या आत्मविश्वासावर होणारा परिणाम एकसारखा नसतो.

८. गैरसमज आणि मर्यादा

न्यूनतमवादाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या नावातूनच उद्भवला. पाने कमी करणे म्हणजे न्यूनतमवाद, असा सोयीस्कर अर्थ घेतला गेला. छपाईचा खर्च वाचविण्यासाठी मजकुराला सरसकट कात्री लावली, तर त्यातून सर्वप्रथम चुकांविषयीची माहितीच गळून पडण्याची शक्यता असते. अशी पुस्तिका छोटी असेल, पण न्यूनतमवादी म्हणता येणार नाही. काय वगळावे हे ठरविण्यासाठी वापरकर्ता कोठे अडखळतो, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. न्यूनतमवादी लेखन त्या अर्थाने अधिक श्रमाचे आहे, कारण मसुदा लिहिणे, तो वापरणाऱ्याचे निरीक्षण करणे आणि पुन्हा लिहिणे हे चक्र त्यात अटळ असते.

दुसरा प्रश्न या दृष्टिकोनाच्या व्याप्तीचा आहे. कॅरोल यांनी संपादित केलेल्या १९९८ सालच्या 'मिनिमलिझम बियाँड द नुरेंबर्ग फनेल' या ग्रंथात अनेक अभ्यासकांनी त्याची चर्चा केली आहे. बार्बरा मिरेल यांनी गुंतागुंतीच्या कार्यांकडे लक्ष वेधले. पत्र टाइप करण्याच्या कामाला निश्चित शेवट असतो. मोठ्या आकडेवारीतून निष्कर्ष काढण्यासारख्या कामात मात्र प्रश्न कोणता विचारावा हेच आधी ठरवावे लागते. तेथे पायऱ्यांची यादी पुरेशी ठरत नाही आणि संकल्पनांचे स्पष्टीकरण आवश्यक होते. तसेच ज्या कामात एका चुकीने जीवितहानी होऊ शकते, तेथे 'करून पाहा' हा उपदेश देता येत नाही. अनुभवी तंत्रज्ञाला तर सर्व बारकावे असलेला संदर्भग्रंथच हवा असतो. न्यूनतमवादी पुस्तिका अशा संदर्भग्रंथाची जागा घेऊ शकत नाही.

९. पुढील वाटचाल व शैक्षणिक लेखनाशी संबंध

छापील पुस्तिकांचे महत्त्व कालांतराने घटले, तरी हा विचार मागे पडला नाही. आयबीएममध्ये विकसित झालेली आणि २००५ साली ओएसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली 'डिटा' ही तांत्रिक लेखनाची पद्धती मजकुराचे संकल्पना, कार्य आणि संदर्भ असे स्वतंत्र घटक पाडते. करण्यासाठीचे वाचन आणि जाणून घेण्यासाठीचे वाचन वेगळे असते, हे तत्त्व त्यात प्रतिबिंबित झालेले दिसते. आज वापरकर्ता पडद्यावरील साहाय्य, चित्रफिती वा संवादी सहायकांकडे वळतो. साधने बदलली तरी त्याची कार्यपूर्तीची ओढ आणि पूर्वानुभवाची सवय बदललेली नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेच्या पुस्तिका, प्रात्यक्षिकांच्या सूचना, संगणक कक्षातील सूचनाफलक, ऑनलाइन अर्ज भरण्याची माहितीपत्रके हे सर्व मार्गदर्शनपर लेखनच आहे आणि त्याचे लेखक बहुधा अध्यापकच असतात. प्रयोगाच्या नोंदवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण व निष्कर्ष असा साचा काटेकोरपणे पाळला जातो. परंतु प्रयोग फसल्यास ते कसे ओळखावे आणि पुढे काय करावे, याला त्या साच्यात स्वतंत्र स्थान नाही. परिणामी फसलेला प्रयोग समजून घेण्याऐवजी शेजारच्या वहीतील आकडे उतरवून घेण्याकडे विद्यार्थ्याचा कल होतो. या वर्तनाला केवळ अप्रामाणिकपणा म्हणण्यापूर्वी, आपल्या सूचनांनी त्याच्या चुकीसाठी किती जागा ठेवली होती, हे पाहणे उचित ठरेल.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, न्यूनतमवाद हा पृष्ठसंख्येविषयीचा नियम नसून वाचकाविषयीची एक भूमिका आहे. वाचकाजवळ स्वतःचे काम आहे, पूर्वीचे ज्ञान आहे आणि विचार करण्याची क्षमता आहे, हे ती गृहीत धरते. म्हणून त्याला आधीच ठाऊक असलेले व तूर्त अनावश्यक असलेले ती सांगत नाही, आणि तो जेथे अडखळणार आहे तेथे मात्र त्याची साथ सोडत नाही. या भूमिकेतून लेखन करावयाचे असल्यास पहिली पायरी अगदी साधी आहे. आपण लिहिलेली सूचना एखाद्या नवख्या व्यक्तीच्या हाती द्यावी, तिच्या शेजारी बसावे, काहीही न बोलता ती काय करते ते पाहावे आणि ती जेथे थांबेल तेथे मसुद्यावर खूण करावी. पुनर्लेखनाचा आरंभ त्या खुणेपासून करावा.